विस्तव राखणं

सकाळी उठले की चहाच्या आधी मी शेगडीचं दार उघडते. सळईने राख हलकेच बाजूला केली की खाली चार-पाच निखारे लाल डोळे उघडून बघतात, आणि मला राजापूरकडच्या आमच्या घरातली आजी दिसते. रात्रीची जेवणं आटोपली की ती चुलीतला विस्तव राखेखाली पुरून ठेवायची. पहाटे राख उकरायची, वर शेणीचा तुकडा ठेवायची, फुंकणीने दोनदा फुंकायची, की झालं. शेजारणी करवंटीतून विस्तव न्यायला यायच्या. काडी ओढणं हे आमच्याकडे शेवटचा उपाय होतं.

आता मी नॉर्वेत, लिलेहामरच्या वरच्या अंगाला राहते. इथे जानेवारीत पारा उणे २० पर्यंत सहज उतरतो. घराबरोबर आम्हाला एक बिडाची शेगडी मिळाली, योटुल कंपनीचं ११८ नंबरचं मॉडेल. लांबट पेटी, चार आखूड पाय, पुढे दार, दारातच हवेची झडप. तिच्या अंगावर जुन्या वळणाच्या नॉर्वेजियनमध्ये ओळी ओतलेल्या आहेत. दिवस सरल्यावर रात्री उशिरा मी माझा विस्तव पुरून ठेवतो, देवा, तो कधीही विझू देऊ नकोस, अशा अर्थाच्या. पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मी तिथेच खाली बसले. आजीला नॉर्वे नावाचा देश आहे हेही ठाऊक नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात मी चुलीसारखीच पेटवायचे. खाली कागद, त्यावर काटक्या, वर जाड लाकूड. पेटायची, पण धुराड्यातून पांढरा दाट धूर निघायचा. पलीकडच्या आजीबाई, ऐंशी पार केलेल्या, एकदा अंगणातून धुराड्याकडे बोट दाखवत आल्या आणि म्हणाल्या, तुझं लाकूड वर चाललंय. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. खालून पेटवलं की वरची लाकडं तापून वायू सोडतात, पण तो जाळायला वर ज्वाळा नसते. त्या दिवशी त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून उलटी रचना करून दाखवली. तळाला दोन जाड ओंडके, थोडं अंतर ठेवून. त्यावर बोटभर जाडीच्या ढलप्या आडव्या-उभ्या, आणि काडी सगळ्यात वर. झडप पूर्ण उघडी, दार पहिली काही मिनिटं किंचित किलकिलं. जाळ वरून खाली उतरतो, आणि खालून उठणारे वायू ज्वाळेतूनच जातात. दहा मिनिटांनी बाहेर जाऊन बघितलं तर धुराड्यावर नुसती हवा थरथरत होती.

फार थंडी असेल तर आधी एक चुरगळलेला कागद वरच जाळून घ्यायचा. धुराड्यात थंड हवेचा जड खांब उभा असतो. तो हलला नाही तर सगळा धूर खोलीत येतो.

लाकूड बर्चचं. आपलं भूर्जपत्र ज्या झाडाचं, त्याच कुळातलं हे झाड. त्याची साल तेलकट असते, ओलसर असली तरी काडी लागताच भुरकन पेटते. हिवाळा सरता सरता झाड पाडायचं, वसंतात फोडायचं, आणि उन्हाळाभर वाऱ्यावर रचून ठेवायचं. ओल वीस टक्क्यांच्या खाली यायला हवी, नाहीतर बरीच धग पाणी उडवण्यातच जाते. दोन फोडी एकमेकींवर आपटून बघते मी. खणखणीत आवाज आला तर घरात, थप्प झालं तर परत ढिगात.

एक गोष्ट मात्र मी फार जपते. रात्रभर ऊब राहावी म्हणून लाकडं भरून झडप बंद करणं मला मान्य नाही. लाकूड धुमसत राहतं, धूर धुराड्यात थंड होऊन डांबरासारखा चिकटतो, आणि तोच थर एखाद्या दिवशी पेट घेतो. विस्तव पुरणं वेगळं. त्यासाठी आधी लाकूड पुरतं जळून निखारा व्हावं लागतं, निळसर ज्वाळाही थांबावी लागते. मग निखारे मागच्या कोपऱ्यात एकत्र ओढायचे आणि राखेने झाकायचे. म्हणून राख मी कधीच सगळी काढत नाही, दोन बोटं थर ठेवते. जी काढते ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, बाहेर दगडावर. राखेतला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहू शकतो.

गेल्या आठवड्यात आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं. तिच्याकडे आता गॅस आहे, चूल फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राख थोडी जास्त घाल गो. उघडा राहिला तर पहाटेपर्यंत टिकत नाही."

घातली. आज सातला उठले, तरी होता.