कापूस उजवा-डावा, मामा एकाच बोटावर

भाची सुट्टीत अमळनेरला आली ती टायपिंग शिकायचंच ठरवून. "मावशी, खाली न बघता करायचंय." मी शिकले टाइपरायटरवर, मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्दांची) परीक्षाही त्यावरच दिली. तिला मात्र थेट इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या संगणकाच्या प्रमाणित कीबोर्डवर, बसवलं. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तोच कीबोर्ड मिळतो, वेगळं काही उतरवून घ्यायला नको.

आधी एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे चाचपायला लावले. दोन्ही तर्जन्या तिथे, बाकीची बोटं शेजारच्या कळांवर, अंगठे स्पेसबारवर. कुठलंही बोट कुठेही जाऊ दे, कळ दाबून झाली की जागेवर परत. मान तरी खाली जायचीच. शेवटी उन्हात डोक्याला बांधायचा रुमाल तिच्या हातांवर टाकला.

इनस्क्रिप्टमध्ये काना-मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बरीचशी उजव्या. 'कापूस' लिहून बघा: क उजव्या मधल्या बोटाने, काना डाव्या मधल्या, प उजव्या तर्जनीने, ऊकार डाव्या तर्जनीने, स पुन्हा उजव्या. 'केळी'चंही तसंच. आपल्या जळगाव जिल्ह्याची दोन्ही पिकं बोटांना सोपी! ख, घ, थ, ध वेगळे शोधायचे नाहीत. क, ग, त, दच्याच कळा, शिफ्ट धरून. म मात्र डावीकडे खालच्या ओळीत, त्यामुळे 'मामा' पूर्ण एकाच मधल्या बोटावर. तिथे पोरगी दर वेळी अडखळते.

वेगाची तिला भारी घाई. मी बॅकस्पेसला बंदी घातली. चूक राहू दे, ताल तुटता कामा नये. वेग मागून येतो, लागलेली वाईट सवय मात्र जाता जात नाही.

परवा सासूबाईंनी ओट्यावरून अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत, विचारलं, "काय करी ऱ्हायनी वं?" पोरीने तेच टाइप केलं. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांनी लिहिताना तो 'ऱ्हा' तिला कधी धड जमला नव्हता. इथे शिफ्टसह जे, मग डी, यू, ई या कळा, की आला.

आता सराव अहिराणीतच चालतो. पाणीचं पानी, डोळाचं डोया, म्हणजे ण आणि ळ दोघांची शिफ्ट वाचते. फक्त य पडतो उजव्या करंगळीवर, आणि ती संध्याकाळपर्यंत दुखायला लागते म्हणे.