चहामळ्यातल्या हिरड्या, ऑस्लोतला अभ्यास

हिरड्यांच्या आजारावर काम करायला ऑस्लोला आले, आणि एका जुन्या अभ्यासाने माझा पिच्छाच पुरवला. हाराल्ड लो या नॉर्वेजियन संशोधकाने १९६९ मध्ये इथले विद्यार्थी आणि प्राध्यापक मंडळी तपासायला घेतली, तर १९७० मध्ये श्रीलंकेच्या चहामळ्यांतले ४८० तमिळ मजूर. इथल्यांना शाळेपासून दातांचे उपचार मिळालेले. मजुरांकडे ना ब्रश, ना डॉक्टर. दातांवर किटणाचे थर. १९८५ पर्यंत त्यांच्या हिरड्या पुन्हा पुन्हा मोजल्या गेल्या. ८ टक्के मजुरांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, ११ टक्क्यांचा सुजेपलीकडे गेलाच नाही. त्या ८ टक्क्यांचे पस्तिशीत १२ दात पडलेले, पंचेचाळिशीत तोंडाचं बोळकं. उपचार नसले तर काय होतं, हे आम्ही आजही या लोकांच्या तोंडांवरूनच शिकतो.

आज हिरड्यांच्या तीव्र आजाराचे रुग्ण जगभरात १०० कोटींहून जास्त आहेत. पण मोजणीतच गोम आहे. नीट तपासायचं तर प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी दात आणि हिरडी यांच्या फटीत खुणांची बारीक सळई घालायची, ती किती मिलिमीटर खोल गेली ते मोठ्याने सांगायचं, शेजारच्याने लिहायचं: २८ दातांच्या १६८ नोंदी. जिथे तेवढी माणसं नाहीत तिथे मोजकेच दात बघतात. मग आजार कागदावर कमी दिसतो आणि पैसाही कमीच मिळतो.

(श्रीमंत देशात दात फुकट, असं मात्र समजू नका. नॉर्वेत मोठी माणसं दातांचा खर्च बहुतांशी स्वतःच करतात. हिरड्यांच्या या आजारासाठी सरकारी विमा काही भाग परत देतो.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत दातांसाठी फ्लोराइड टूथपेस्ट वगैरे घातलं, ते किडीसाठी. हिरड्यांना एका गोळीने भागत नाही. किटण खरवडायला शिकलेला हात लागतो, निर्जंतुक हत्यारं लागतात, दर काही महिन्यांनी परत यावं लागतं. हे नसेल तर दात हलायला लागल्यावरच माणूस येतो आणि दात काढून परत जातो.

इथे खरवडण्याचं बरंचसं काम हायजिनिस्ट, म्हणजे दातांची सफाई शिकलेले कर्मचारी करतात, डॉक्टरच लागतो असं नाही. तेच काम आरोग्यसेविकेला किती दिवसांत नीट शिकवता येईल, यावर संशोधनाचा पैसा लागावा असं मला वाटतं. पण या आजारात दाताभोवतीचं झिजलेलं हाड पुन्हा वाढवणाऱ्या महागड्या पदार्थांपुढे असा प्रस्ताव ठेवला, की पहिला प्रश्न येतो, ‘यात नवीन काय?’