मुरलेलं आंबट

खरं आंबट जिभेच्या आधी उजव्या डोळ्याला कळतं. निदान माझ्या तरी. कैरीची फोड असो, आवळा असो, की भेळवाल्याने हात सैल सोडून घातलेलं चिंचेचं पाणी; उजवा डोळा आपोआप मिटतो आणि डावा तसाच टक्क उघडा राहतो. आमच्या घरात हे अधिकृत माप आहे. ताक प्यायचं की त्याची कढी करायची, हे माझा चेहरा बघून ठरतं.

परवा दुपारी हा डोळा चक्क एका बिअरने मिटवला. भाचा बेल्जियमहून आला होता. मोज्यांत गुंडाळून आणलेली बाटली त्याने ओट्यावर ठेवली. ओकच्या पिंपात मुरवलेली, चेरी घातलेली, गडद रंगाची आंबट एल, म्हणजे बिअरचीच एक जात. "मावशी, फार गार नको करूस हं, चव मरते," अशी ताकीदही दिली. आमच्या ह्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "काकवी का रे?"

पेठेतल्या घरात बाटली येणं हे एके काळी केवढं प्रकरण असायचं! वडिलांचे एक स्नेही कधीमधी बिअर घेऊन यायचे. प्यायची किती यापेक्षा रिकामी बाटली वाड्याबाहेर कशी न्यायची, यावरच जास्त खलबतं चालत. शेवटी ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मेथीची जुडी ठेवून, पिशवीतून जायची. सगळ्या वाड्याला ठाऊक असायचं, म्हणा. मेथी बाहेर कोण नेतं?

असो. बूच निघालं, सरबताच्या ग्लासांत बिअर ओतली. फेस गुलाबीसर तपकिरी, फार न टिकणारा. वास आधी व्हिनेगरचा, मग ओल्या लाकडाचा आणि सगळ्यात शेवटी, अगदी पुसट, बदामाचा. चेरी बियांसकट घालतात आणि तो बदामी वास त्या बियांतला, ही माहिती भाच्याने पुरवली. पुढे तो "चामडं, तबेला, जुनी वाइन" अशी यादी वाचायला लागला, तेव्हा मी त्याला गप्प केलं. तोंडात घोट असताना कुणी समालोचन सुरू केलं की मला काही म्हणजे काही लागत नाही.

डोळा मिटला. मग मागून दबकत गोडवा आला, आणि तो ओसरल्यावर हिरड्यांवर एक तुरट सरसरी राहिली. ही कुठेतरी भेटलीय, कुठे बरं, असं म्हणता म्हणता दुसऱ्या घोटाला सापडली. करवंदं!

मे महिन्यातली दुपार, आणि बोळाच्या तोंडाशी हाक: "डोंगरची काळी मैनाऽऽ!" सगळी मोठी माणसं झोपलेली. आम्ही अनवाणी पळायचो आणि पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन जिन्याखाली बसायचो. खाण्याआधी प्रत्येक करवंद दातांनी अर्धं तोडून बघायचं: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. यावरून मारामाऱ्या व्हायच्या, कारण फिकट गुलाबी निघालं की ते कोण, हे कुणीच ठरवून ठेवलेलं नव्हतं. चिकाने ओठ चिकटायचे, बोटं जांभळी व्हायची. आजी उठली की काही विचारायची नाही, नुसतं "हात दाखव" म्हणायची.

आणि चेरी? आमच्या लहानपणी चेरी म्हणजे मस्तानीवरची. लालभडक, गुळगुळीत, साखरेत न्हालेली. ती एकच असायची आणि आम्ही भावंडं तीन. बेकरीतल्या केकवरही तीच. पुढे कधीतरी कळलं की तीसुद्धा करवंदच; कच्चं करवंद बी काढून पाकात शिजवायचं, लाल रंग द्यायचा, झाली चेरी. ज्या फळाला आम्ही द्रोणात घेऊन कोंबडा-कोंबडी म्हणत होतो, त्याच्याचसाठी उपाहारगृहात बसून रडत होतो.

या बिअरला आंबट करायला कुणी काही पिळत नाही. दह्यात ज्या कुळातले जिवाणू असतात तेच तिथेही, आणि जोडीला ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक रानटी यीस्ट. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञाने ते जगापुढे मांडलं. बाकीचे बिअरवाले त्याला हाकलायला भांडी घासघासून घासतात. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात मात्र ते पिंपाच्या लाकडातच सुखाने नांदतं. तिकडच्या रूसेलारे गावात रोडेनबाखच्या कारखान्यात अशी २९४ ओकची पिंपं उभी आहेत, काही तर दीडशे वर्षांपलीकडची. त्यांत दोन दोन वर्षं बिअर पडून राहते. लाकडातून हवा आत शिरते, पण अगदी चोरपावलांनी. जास्त शिरली तर नुसतं व्हिनेगर उरेल. मग तयार झालेल्या जुन्या बिअरमध्ये नवी मिसळून आंबटपणा बेताचा करतात.

हे ऐकताना मला फडताळातल्या वरच्या फळीवरचं आजीचं लिंबाचं लोणचं आठवत होतं. वर्षानुवर्षं मुरून काळं पडलेलं, फोडी विरघळून चिकट झालेलं. ताप उतरल्यावर तोंडाला चव नसली की चमच्याच्या टोकावर जेवढं येईल तेवढंच मिळायचं. एरवी त्या बरणीला हात लावायची आईचीसुद्धा टाप नव्हती. बरणी चिनी मातीची, तिला ओकसारखी हवा घेता येत नाही, एवढा फरक आहेच. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आजी ब्रुअर होती!" मी म्हटलं, तिच्यासमोर म्हणून दाखवायचं होतंस.

मग त्याने एक गोष्ट सांगितली. ब्रसेल्सच्या उत्तरेला स्खारबेक नावाचा भाग आहे. तिथली लहान, गडद, आंबट चेरी या कामासाठी नावाजलेली. एके काळी तिथे झाडंच झाडं होती. शहर वाढत गेलं, झाडं गेली. आता त्या जातीची चेरी मिळणं मुश्कील, म्हणून बरेच जण दुसऱ्या देशांतून चेरी मागवतात. चेरीचं गाव आहे, रस्त्यांना नावं आहेत, चेरी बाहेरून येते.

मी ग्लास खाली ठेवला. गेल्या मे महिन्यात मंडईबाहेर एक करवंदवाली दिसली होती. हाक वगैरे काही नाही, गुपचूप बसलेली. कुठली गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मुळशीच्या पार वरच्या अंगाची. खालच्या जाळ्या गेल्या की ताई, प्लॉट पडले." द्रोणही नव्हता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. मी पुण्याची असूनही भाव केला नाही.