कंटाळा वच्चिंदी

रात्रीचे पावणेबारा. झोप येईना म्हणून लिहित बसलेय.

आज अपार्टमेंटच्या आवारात बतुकम्मा होती, इथला फुलांचा सण, शेवटचा दिवस, सद्दुला. खालच्या आंटी सकाळीच सांगून गेल्या, साडी नेसून यायचं म्हणजे यायचं. गेले. सगळ्या बसून परातीत फुलांचे थर रचत होत्या आणि पिवळ्या फुलांचा ढीग बघून माझ्या तोंडून निघालं, अय्या तरवड! सगळ्या बघायलाच लागल्या. इथे ते तंगेडू, तेलंगणाचं राज्यफूल वगैरे. आमच्याकडे सोलापुरात माळावर नुसतं पडलेलं असतं, आमची अव्वा (आजी) सोडली तर कुणी ढुंकून बघत नाही.

मग एकीने विचारलं, तू महाराष्ट्राची ना, तेलगू कसं येतं? आता कुठून सुरू करू. पणजोबा करीमनगरकडून माग चालवायला सोलापूरला गेले, पूर्व भागात गल्लीच्या गल्ली आम्हा पद्मशाल्यांची, बाप्ये मागावर आणि बाया विड्यांवर, अव्वा मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळायची, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, आडम मास्तर आमदार झाले ते पण तेलगूच. एवढं सगळं सांगायला माझं तेलगू पुरलं नाही. अम्मा सोलापूर, नान्ना सोलापूर, एवढंच म्हणाले आणि गप बसले.

शाळेत मराठी मीडियमला पोरी मला 'ए तेलगू' म्हणायच्या. इथे ऑफिसात मी 'महाराष्ट्रा अम्मायी', महाराष्ट्राची मुलगी. मधे अंतर किती, ट्रेनने पाच-सहा तास. बसवरची पाटी मला अजून वाचता येत नाही, नंबर बघून चढते.

परवा मीटिंग लांबली तेव्हा रूममेटला हळूच म्हटलं, नाकु कंटाळा वच्चिंदी. ती वरंगलची. तिला वाटलं कंटाळा नावाची कुणी मुलगी आलीय, वळून दाराकडे बघायला लागली!! आणि मी चोवीस वर्षं समजत होते की हा शब्द दोन्हीकडे आहे, कारण घरात सगळे असंच बोलतात. आता अजून किती शब्द असे निघतील देव जाणे. तशी ती चांगली आहे, हसली पण नंतर खरा शब्द सांगितला, विसुगु. तो काय माझ्या तोंडात बसत नाही.

प्रसादाला दह्याचा, चिंचेचा, लिंबाचा भात होता. मी वर जाऊन आईने दिलेली शेंगाची चटणी आणली, दहीभाताबरोबर आंटींनी डबा साफ केला. (महिन्याची चटणी होती ती माझी.)

आत्ता आईला फोनवर सांगत होते की फेर धरला पण गाणं काही येईना, फक्त ओळ संपली की जोरात 'उय्यालो' म्हणायचे. आई हसायला लागली. म्हणाली, अगं अव्वा पण तेवढंच म्हणायची.