चुलीवरचं कॅम्पिंग : भात जमला, आता भाकरीच्या मागं लागलोय

मागच्या अपडेटनंतर विचारणा झाली की बेळगावजवळच्या जांबोटीच्या जंगलात चूल मांडायला परमिशन कशी काढता, तर जंगलात मांडतच नाही राव, तिथलं भीमगड 2011 पासून अभयारण्य हाय, तिथं काडी पण पेटवायची नाही. आम्ही खानापूर साईडला मित्राच्या शेतात तंबू टाकतो, भाताची कापणी झाली की शिवार मोकळंच असतंय, फक्त गवताची गंजी लांब बघायची आणि चुलीभोवतीचं वाळकं सगळं खरवडून काढायचं.

या सीझनला एकच धरलंय, उकळी येईपर्यंत ज्वाळ, पुढचं सगळं इंगळावर, म्हणजे निखाऱ्यावर. अकेशिया आमच्याकडं ढिगानं मिळतंय पण बाभळीच्या इंगळाची सर त्याला नाही, बाभूळ एकदा लाल झाली की लई वेळ दम धरते. निलगिरीची वाळकी पानं तेलकट, पेटवायला एक नंबर, पण त्या धुरात चहा ठेवू नका, कफ सिरप पिल्यासारखा लागतोय. आणि मलप्रभा नदीतले गुळगुळीत गोटे चुलीला अजिबात नको, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. शेतातलेच कोरडे दगड घ्या.

भात आता डोळे झाकून होतोय. आपला बेळगाव बासमती, नवा असला तर पाणी दुपटीपेक्षा जरा कमीच, वर भोकं पडायला लागली की पातेलं ज्वाळेवरून काढून बाजूच्या इंगळावर, झाकणावर पण चार इंगळ. दहा-बारा मिनिटं उघडायचं नाही, कितीपण वास सुटू दे.

तूरडाळीचा नाद सोडला. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, पाणी 97-98 डिग्रीलाच उकळतंय, त्यात कुकर नाही, मग कोण बसणार फुंकत. त्यापेक्षा अख्खा मसूर दुपारीच भिजत घालायचा, रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी मिरची, लसूण ठेचून, बास.

खरी परीक्षा भाकरीची. ज्वारीत ग्लूटेन (गव्हाच्या पिठाला चिवटपणा देतं ते) नाही, त्यामुळं पीठ उकळत्या पाण्यातच मळायचं, नाहीतर थापताना कडा फाटतात, हे घरच्या गॅसवर पण तसंच. चुलीवर भानगड तव्याची, बिडाचा तवा मधे तापतो आणि कडेला थंड. मित्राची आज्जी बघायला आली आणि म्हणाली, "लाकडं भायेर वढ की रे, तवा जाळूलास काय?" लाकडं ओढली, इंगळ तव्याखाली सारखे पसरले, वरची बाजू पाणी लावून तव्यावर आणि मग भाकरी दगडाला टेकवून इंगळासमोर उभी केली, टम्म फुगली. सगळ्याच फुगत नाहीत अजून, पण कच्ची एक पण राहत नाही.

पुढच्या वेळी खानापूरच्या कुंभाराकडचं मडकं उपडं टाकून त्यावर पातळ रोटी भाजायचा विचार हाय, मांडे करतात तसं, पुरण नको, साधीच. नवीन मडकं आधी पाण्यात भिजवून ठेवता का, आणि किती वेळ हळूहळू तापवायचं, कुणी केलं असेल तर सांगा की.