तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन ठसा सुचतो कुठून?

प्रदर्शनात पिशव्या चाळता चाळता एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांत गिऱ्हाइकांपेक्षा स्वतः काहीतरी करून विकणाऱ्याच जास्त असतात. ‘एवढी डिझाइनं तुम्हाला सुचतात कुठून? आम्ही तासन्‌तास फोनवर बघत बसतो, पण स्वतःचं असं काही सुचतच नाही.’ टेबलाशी गर्दी असताना याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी सुती कापडावर हातठशांनी छपाई करते, त्यामुळे मापं आणि उदाहरणं त्या कामातली आहेत. दागिने किंवा मातीकाम करणाऱ्यांनी ती आपापल्या कामाला लावून घ्यावीत.

आधी फोनचं. फोनवर दिसतं ते कुणीतरी पूर्ण केलेलं काम असतं. आकार किती मोठा, रेघ किती जाड, रंग किती, हे सगळे निर्णय तिथे होऊन गेलेले असतात. आपल्या वाट्याला फक्त नक्कल उरते, आणि मन ते ओळखतं म्हणूनच हात चालत नाही. त्याऐवजी जी वस्तू अजून कापडावर आलेलीच नाही तिच्यापासून सुरुवात करा. बाल्कनीची जाळी, जिन्यातली फरशी, दारातली रांगोळी, काहीही. तिला कापडावर आणताना दहा निर्णय तुम्हालाच घ्यावे लागतात, आणि त्या दहा निर्णयांतून जे उरतं ते तुमचं डिझाइन.

एक जाळी घेऊन दाखवते. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यामुळे फोटो काढणारे सगळे तिकडे जातात. पण त्याच धाटणीच्या लोखंडी जाळ्या शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंग्याच्या गल्ल्यांतही आहेत. लाटा, उगवता सूर्य, कारंजं, पायऱ्यापायऱ्यांचे कोन. त्यातल्या कित्येक इमारती पुनर्विकासात जात आहेत आणि इमारतीबरोबर जाळीही भंगारात जाते. म्हणून ज्यांच्या वाटेवर अशी जाळी आहे त्यांनी ती या महिन्यातच वहीत उतरवून ठेवावी, पुढच्या वर्षावर टाकू नये.

समोरच्या फुटपाथवर सकाळच्या तिरप्या उन्हात उभं राहा. फोटो जरूर घ्या, पण लांबून आणि शक्य तितका सरळ. खालून मान वर करून काढला तर उभ्या रेघा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि पुढे सगळी मापं चुकतात. मग पंधरा मिनिटं कोऱ्या वहीत पेनने काढा. पेन्सिल नको, खोडण्यात वेळ जातो. चित्र सुबक आलं नाही तरी चालेल, पण कडेला तीन गोष्टी लिहायच्याच: पट्टी किती जाड आणि शेजारची मोकळी जागा तिच्या किती पट, एक तुकडा किती वेळा पुन्हा येतो, आणि कुठली रेघ बाकीच्यांपेक्षा वेगळी वागते. जाळीचं रूप खरं तर पट्टीच्या आणि पोकळीच्या प्रमाणात असतं. पट्टी एक आणि पोकळी चार असेल तर ती हवेशीर दिसते. तेच एकास दीड केलं तर त्याच आकाराचं तुरुंगाचं दार होतं.

घरी आल्यावर त्यातला एकच तुकडा १० सेंटिमीटरच्या चौकोनी कागदावर मध्यभागी काढा. चारही कडांना रेघ लागू देऊ नका. आता कागद उभा मधोमध कापा, डावा अर्धा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. मग आडवा कापून वरखाली तशीच अदलाबदल करा. चित्राचे तुकडे चार कोपऱ्यांत जातात आणि मध्ये रिकामी जागा उघडते. ती भरा. इथेच बहुतेकांना पहिल्यांदा ‘सुचतं’, कारण आता प्रश्न अगदी नेमका झालेला असतो: या चार कोपऱ्यांच्या मध्ये काय शोभेल? मधल्या जागेत काढताना पुन्हा कडांना हात लावायचा नाही, म्हणजे ठसा शेजारी शेजारी उमटला की नक्षी आपोआप जुळते.

कोरण्याआधी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन नऊ प्रती काढा, तीन बाय तीन चिकटवून भिंतीवर लावा आणि सहा-सात फुटांवरून बघा. जवळून न दिसलेले दोष इथे दिसतात. सगळ्यात नेहमीचा दोष म्हणजे आडवे किंवा तिरके पांढरे पट्टे, जे एका तुकड्यात नसतातच, पुनरावृत्तीत तयार होतात. त्यावर उपाय सोपा आहे. पट्ट्यात एखादं पान किंवा ठिपका सोडा. नऊ प्रतींचा खर्च नगण्य आहे आणि चुकलेला ठसा कोरण्यात अख्खी दुपार जाते.

कोरायला ३ मिलिमीटरच्या आसपासचं लिनोलियम, म्हणजे कोरणीने सहज कापता येणारं मऊ शीट, चांगलं. कडक वाटलं तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, कोरणी लोण्यासारखी जाते. ट्रेसिंग पेपर उलटा ठेवून उमटवायचा, नाहीतर छापताना अक्षरं आणि मोराचं तोंड दुसरीकडे होतं. उमटणारी रेघ दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. बारीक रेघ कोरताना तुटते, आणि दोन रेघांमधली फट अरुंद राहिली तर चार-पाच छापांनंतर शाई भरून ती बुजते. रोज चालणारं डिझाइन ठरलं की मग सागवानी ठसा करून घ्या. गुजरातेतल्या पेथापूरची त्या कामाबद्दल ख्याती आहे. पण पहिल्याच दिवशी लाकडात पैसे घालू नयेत, हे माझं पक्कं मत आहे.

कापडाबद्दल थोडक्यात. मंगलदास मार्केटमधून आणलेलं कोरं सुती कापड कांजीसकट येतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा, वाळवा, मग पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर कांजी आहे आणि रंग आत जाणार नाही. दोन-तीन सेकंदांत जिरला तर कापड तयार. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून कापायचं धुतल्यानंतरच. टेबलावर जुन्या ब्लँकेटच्या तीन-चार घड्या हव्यात, नाहीतर ठशाच्या मध्यभागी छाप फिका येतो. रंग वाळल्यावर उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून इस्त्री करायची. किती वेळ आणि किती गरम, ते बाटलीवर लिहिलेलं पाळा.

जाळ्या आणि फरशा एक झालं. दुसरा मोठा साठा आपल्या घरातच आहे, आणि तो आपण सणापुरता बघतो. चैत्रांगण घ्या. चैत्रगौरीपुढे काढतात ती रांगोळी म्हणजे पन्नासेक छोट्या आकृत्यांचा संग्रहच आहे: शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, तुळशी वृंदावन, गोपद्म, नाग, कासव, झोपाळ्यातली गौर. पिढ्यान्‌पिढ्या बोटांच्या चिमटीतून उतरल्यामुळे त्या आधीच सोप्या झालेल्या आहेत. जे चिमटीतल्या पिठाने काढता येतं ते कोरणीने कोरता येतंच. तीन सेंटिमीटरच्या ठशासाठी याहून चांगला साठा मला माहीत नाही. घरातल्या मोठ्या बाईला काढायला सांगा आणि ती कुठून सुरुवात करते ते बघा. रेघेचा क्रम कळला की आकृतीचा जोर कुठे आहे ते कळतं.

तसंच चंद्रकळेचं. संक्रांतीला काळं नेसायची रीत आहे, त्यामुळे जानेवारीत काळ्या कापडाला मागणी येते. पण काळ्यावर नेहमीचा रंग उमटत नाही. तो पारदर्शक असतो आणि खालचा काळा त्याला गिळून टाकतो. अपारदर्शक पांढरी पेस्ट लागते, तीही घट्ट, आणि ती बारीक नक्षीत चटकन भरते. म्हणजे काळ्यावरची नक्षी मोठी आणि मोकळीच हवी. काळ्या जमिनीवर सुट्या पांढऱ्या बुट्ट्या, म्हणजे चंद्रकळाच की. साधनाची अडचण आणि परंपरेची नक्षी एकाच ठिकाणी येऊन भेटतात, आणि असं वारंवार होतं. म्हणून अडचण लिहून ठेवायची सवय लावा.

वाण हे त्याचं आणखी एक उदाहरण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवासाठी एकेक बाई पन्नास-पन्नास नग मागते आणि नगाला शंभर रुपयांच्या वर जायची तिची तयारी नसते. ‘काहीतरी सुंदर करू’ म्हणून बसलात तर काही सुचणार नाही. ‘१५ बाय २० सेंटिमीटरच्या कातरणीतून, एका रंगात, एका ठशात, एका शिलाईत’ असं कागदावर लिहा. तासाभरात तीन पाऊच सुचतात.

रंगासाठी दादरचा फुलबाजार, आणि तोही पहाटे. फुलांचे फोटो सगळेच काढतात, तुम्ही प्रमाण लिहा. अबोली आणि मोगऱ्याच्या गजऱ्यात पांढरं किती, अबोली किती, मधल्या हिरव्या देठांची चुणूक किती. डोळे किलकिले करून बघितलं की प्रमाण दिसतं: साधारण सात भाग पांढरं, अडीच भाग अबोली, अर्धा भाग हिरवं. हेच प्रमाण पिशवीवर आणा, तीन भडक रंग समसमान वापरून जो गोंगाट होतो तो होणार नाही. घरी रंग बनवताना छोट्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा आणि कापडाच्या चिंधीवर छापून शेजारी मापं लिहा. चमच्याने घातलेला रंग पुन्हा तसाच कधीच येत नाही, आणि दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी गिऱ्हाईक पहिली पिशवी शेजारी धरून बघतं. पिगमेंट, म्हणजे मूळ रंगद्रव्य, बाटलीवर सांगितल्यापेक्षा वाढवू नका. त्याला कापडावर धरून ठेवणारा चिकट बाइंडर मग पुरत नाही आणि रंग हाताला लागतो.

सीएसएमटीवरून रोज जाणाऱ्यांनी गाडीची वाट बघताना खांबांच्या माथ्यांकडे मान वर करावी. तिथली दगडातली पानं, पक्षी, प्राणी यांत जे. जे. कला महाविद्यालयाच्या (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) विद्यार्थ्यांचा हात आहे. आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरच्या शिल्पपट्ट्या जे. जे.मध्येच शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांच्या. दगडात पान कोरणाऱ्यालाही शिरा किती दाखवायच्या आणि किती सोडायच्या हे ठरवावं लागलं होतं. त्याने काय सोडलं ते बघा. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही त्याच नजरेने जा.

एक गोष्ट मात्र करू नका. वारली चित्रं फोनवरून उचलून पिशवीवर छापणं. त्या चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, ती डहाणू-पालघरकडच्या वारली लोकांची आहे, आणि ती काढून त्यावर पोट भरणारे चित्रकार आजही तिथे आहेत. हवी असेल तर त्यांच्याकडून मोबदला देऊन करून घ्या, नाव लिहा. एरवी कुणा चित्रकाराचं काम वापरताना लक्षात ठेवा, कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो.

नक्षीइतकंच सुचणं वस्तूच्या घडणीत असतं, आणि ते गिऱ्हाईक देतं. हातातली पिशवी परत ठेवताना बाई जे वाक्य बोलते ते त्याच क्षणी लिहून घ्या. ‘यात डबा आडवा होतो.’ ‘गाडीत पुढे धरली की पट्टा आखूड पडतो.’ ही दोन वाक्यं म्हणजे दोन नवीन वस्तू. डबा आडवा होतो कारण तळ अरुंद आहे. डब्याचा व्यास मोजा, त्यात दोन सेंटिमीटर मिळवा, तो तळ. इथे नव्या माणसाची एक चूक ठरलेली: तळ १० सेंटिमीटरचा केला की समोरच्या बाजूचे खालचे ५ सेंटिमीटर तळात वळतात, बाजूंना शिलाईत आणखी एकेक सेंटिमीटर जातो, आणि छापलेल्या मोराचे पाय नाहीसे होतात. म्हणून आधी कोऱ्या कापडाची पिशवी शिवा, दिसणारा भाग खडूने आखा, उसवा आणि मग छापायची जागा ठरवा.

वर्षाचं वेळापत्रकही सुचण्याला धरून असावं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत छाप वाळायला दुप्पट वेळ लागतो, अर्धवट वाळलेलं कापड एकावर एक ठेवलं की एकाचा रंग दुसऱ्याच्या पाठीला लागतो. त्यामुळे राखी-गणपतीचा माल शक्य तितका मे महिन्यात छापून घ्यावा आणि पाऊस वही, ट्रेसिंग आणि कोरणीसाठी ठेवावा. दिवाळीचे ठसे ऑगस्टअखेर कोरून झालेले असले की सप्टेंबरात चाचणी छपाई, पाच धुण्यांची परीक्षा आणि ऑक्टोबरात मोठं काम, असा हिशोब बसतो.

आणि एका ठशावर लगेच दुसरा कोरायला घेऊ नका. आधी तोच सरळ रांगेत, अर्ध्या ठशाने सरकवून, एक आड एक उलटा फिरवून आणि नुसता एकटा बुट्टा म्हणून असा चार तऱ्हांनी, तीन तीन रंगांत छापून बघा. बारा चिंध्या होतात. त्यातल्या आठ फसतात. त्या टाकू नका. प्रत्येकीच्या मागे तारीख, शाईचं माप आणि फसण्याचं कारण लिहून एका डब्यात ठेवा. पुढच्या खेपेला काही सुचत नसेल तेव्हा फोनच्या आधी हा डबा उघडा. पांढऱ्यावर फिकी पडलेली नक्षी काळ्यावर चालेल का, पिशवीला मोठी वाटलेली उशीच्या अभ्र्याला बसेल का, हे प्रश्न त्या चिंध्यांच्या पाठीवर आधीच लिहिलेले असतात.