मेरी, वरील जॉनची बायको

लीड्सला भाचीकडे दहा दिवस होतो. लंडन झालं, यॉर्क झालं, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. लिहायचंय ते यॉर्कशायरच्या डोंगरातल्या हेप्टनस्टॉल या गावाबद्दल.

हेब्डन ब्रिजला ट्रेनमधून उतरलो आणि भाचीने "थोडंसंच वर" म्हणत बट्रेस नावाच्या दगडी चढावर घातलं. थोडंसं कसलं! जेजुरी परवडली, तिथे निदान पायऱ्या आहेत. इथे नुसते पावसाने बुळबुळीत झालेले दगड. वर चहा मिळेल या आशेवर चढले, तर दुकान बंद.

गावात 1847 च्या वादळाने मोडलेल्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. आवारात छान फरशी घातलीय म्हणून मी आरामात चालत होते. सहज खाली बघितलं तर पायाखाली अक्षरं! थडग्यांचे दगड, आडवे, एकाला एक लागून. पाय चटकन उचलला, नमस्कार केला. पण उचललेला पाय टेकायचा कुठे? पलीकडेही कुणीतरी झोपलेलंच. ग्रीनवुड. सटक्लिफ. परत ग्रीनवुड. दर पावलाला मनात माफी मागत मी तसंच आवार ओलांडलं.

कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजोबांना माझी ती कसरत बघून हसू आलं. त्यांनी सांगितलं, की ग्रीनवुड मूळचे याच डोंगरातले, जवळच्या ग्रीनवुड नावाच्या जागेवरून. सटक्लिफ म्हणजे दक्षिणेचा कडा, तोही इथलाच, हॅलिफॅक्सच्या आसपासचा. म्हणजे आपले 'कर'च की! फरक एवढाच, की आपले चिपळूणकर पुण्यात असतात आणि हे अजून कड्याखालीच. घरात माग, दारात चार गुरं. पोट भरत होतं, मग दरी सोडायची कशाला? शेवटी इतके जॉन ग्रीनवुड झाले, की कोण कुणाचा हे बापाच्या नावानेच सांगायचं. आपल्याकडे 'गणूचा बाळ्या' असतो तसं.

नवरा तेवढा 'सटक्लिफ'ला चिकटला. 1932 साली लॉर्ड्सवर, भारताच्या पहिल्या कसोटीत, इंग्लंडच्या हर्बर्ट सटक्लिफला आपल्या निसारने 3 धावांवर त्रिफळाचीत केलं होतं! हे त्याने आजोबांना दोनदा ऐकवलं. आजोबा सभ्य होते.

भाची जीवशास्त्रवाली. तिने वेगळंच काढलं. याच यॉर्कशायरमध्ये सायक्स आडनाव बरंच आहे. ऑक्सफर्डच्या ब्रायन सायक्स यांनी 2000 साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं, तर जवळपास निम्म्यांचं एकच निघालं. बहुधा सगळ्यांचा मूळपुरुष एक. आडनाव बापाकडून, ते गुणसूत्रही बापाकडून.

त्यानंतर मी दगडांवर बायकाच शोधायला लागले. 'मेरी, वरील जॉनची बायको.' झालं. मेरी कुठल्या घरची, कुणाची लेक, काही नाही. सहाशे वर्षं टिकलं म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं ते नाव जॉनचं. मला एकदम राग आला. भुकेचाही असेल.

पलीकडच्या नव्या दफनभूमीत सिल्व्हिया प्लाथ आहे, 1963 साली गेलेली अमेरिकन कवयित्री. दगडावर 'सिल्व्हिया प्लाथ ह्यूज'. तिचा नवरा, कवी टेड ह्यूज, खालच्या मिथमरॉइडचा. तिचे चाहते येऊन त्यातलं 'ह्यूज' पुन्हा पुन्हा खरवडून काढायचे. दगडाची नासधूस मला पटत नाही. तरी तिथून लवकर हलवेना. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं होतं, तेव्हा मी हौसेने हसले होते. फोटो आहे. व्हिसाच्या अर्जात 'पूर्वी दुसऱ्या नावाने ओळखले जात होता का' असा प्रश्न होता. मी 'हो', नवरा 'नाही'.

लोक तिच्या दगडापाशी पेनं ठेवून जातात. पर्समध्ये एक होतं, पण ते भाचीचं. नाही ठेवलं.

उतरताना मात्र बस घेतली.